नागपुरात बायकोसोबत फोटो काढून घ्यायचेत, फक्त खात्यातल्या कुणाला दिसता कामा नये

टिप्पणी_सादर

नमस्कार. मी मंत्रालयात कक्ष अधिकारी आहे, राहायला डोंबिवलीत. अधिवेशनाच्या ड्युटीवर नागपूरला येण्याची ही माझी अकरावी खेप, आणि जूनमध्ये निवृत्त होत असल्यामुळे शेवटची. आजवरचं माझं नागपूर म्हणजे विधानभवन, १६० खोल्यांचे गाळे (आम्हा कर्मचाऱ्यांची राहायची सोय) आणि रात्री कुणीतरी ओढून नेतं ते सावजी. यंदा बायको म्हणाली, दर डिसेंबरला तुम्ही कुठे गायब होता ते एकदा मलाही दाखवा. ती शुक्रवारी रात्री कल्याणला विदर्भ एक्स्प्रेस पकडेल, शनिवारी सकाळी पोचेल आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीने परत जाईल. सोमवारी तिची शाळा आहे.

आता मूळ विषय. निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांसोबत पती-पत्नीचं संयुक्त छायाचित्र लागतं. ते काढायला ऑक्टोबरमध्ये आमच्या गल्लीतल्या स्टुडिओत गेलो. तो मुलगा म्हणाला, "काका, जरा जवळ बसा, दोघं एका फ्रेममध्ये येत नाही आहात." बसलो. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, ३१ वर्षांत हा आपला दुसरा फोटो. पहिला म्हणजे लग्नाचा अल्बम. तेव्हा आम्ही तळमजल्यावर राहायचो, २६ जुलै २००५ ला अल्बम पाण्यात गेला. त्यानंतरचे सगळे फोटो मुलांचे, त्यात आम्ही कडेला अर्धेमुर्धे.

म्हणून शोधाशोध केली. एका बुकिंग साइटवर "प्रायव्हेट पोर्ट्रेट वॉक" सापडला. फोटोग्राफर आणि आपण, बाकी कुणी नाही. दोन तास चालायचं, तो फोटो काढत राहणार, मागाहून ३० एडिट केलेले फोटो देणार. साडेसहा हजार, निम्मे आगाऊ. वेळ संध्याकाळी ५ ते ७ "गोल्डन अवर", म्हणजे सूर्य मावळतानाचा नरम उजेड, ठिकाणं झिरो माइलचा खांब आणि फुटाळा तलाव.

अडचणी अशा. आमचे उपसचिव रोज संध्याकाळी फुटाळ्यावर फेऱ्या मारतात. झिरो माइल तर विधानभवनाच्या दारातच, तिथे सध्या बॅरिकेड, मोर्चे आणि निम्मं मंत्रालय. मला बायकोच्या खांद्यावर हात ठेवलेला कुणी पाहिलं तर निवृत्तीपर्यंतचे सात महिने कॅन्टीनमध्ये तोच विषय पुरेल. साइटवरच्या नमुन्यात सगळी जोडपी पंचविशीतली, कपाळाला कपाळ लावलेली, बाईच्या गाऊनचा घोळ पार रस्त्यापर्यंत. आमच्याच्याने ते होणार नाही. शिवाय बायकोला जाड भिंगांचा चष्मा आहे, गुडघे कुरकुरतात. ती सावळी आहे आणि तिला सावळंच दिसायचंय. भाच्याच्या लग्नात तिला इतकं गोरं करून ठेवलं की तिच्या वर्गातली मुलं विचारत होती, बाई, ही कोण?

घ्यावा का हा वॉक? की नाद सोडावा?

तर्रीपोहे

काका, नाद काहून सोडता? बिनधास्त बुक करा. फुटाळ्याले संध्याकाळी एवढी गर्दी राहते की तुमच्या उपसचिवाले स्वतःची बायको सापडणार नाही, तुमची कुठून दिसते! आणि साडेसहा हजार जास्त वाटून राहिले तर मी येतो. माझ्याकडे चांगला फोन आहे, पोर्ट्रेट मोड एक नंबर. फक्त पोहे खाऊ घाला, तर्री जास्त मारून.

इतवारीचा_फोटोवाला

साहेब, वॉक जरूर घ्या. पण हा नका घेऊ. किंवा ह्याच माणसाकडून घ्या, पण त्याची वेळ आणि जागा दोन्ही बदलून.

माझ्या वडिलांचा इतवारीत स्टुडिओ होता, नंतर मी चालवला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर कॅमेरा मुलाकडे दिला, आणि त्याने कॅमेरा विकून मोबाइलच्या कव्हरांचं दुकान टाकलं. त्यामुळे मी माझी जाहिरात करून राहिलो असं समजू नका.

पहिली गोष्ट, ती ५ ते ७ ची वेळ. नागपूर तुमच्या डोंबिवलीच्या बरंच पूर्वेला आहे. डिसेंबरच्या मध्यात इथे सूर्य ५:३५ च्या सुमारास बुडतो, तुमच्याकडच्यापेक्षा जवळपास अर्धा तास आधी. म्हणजे ह्या माणसाच्या दोन तासांतली पहिली पस्तीस मिनिटं उजेडाची, त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं निळसर संधिप्रकाश, आणि उरलेला सव्वा तास अंधार. तेव्हा तो फ्लॅश काढणार किंवा एलईडीची पट्टी तोंडावर मारणार. वहिनींच्या भिंगांत दोन पांढरे चौकोन, झालं. हे पॅकेज त्याने उन्हाळ्यात लिहिलं असेल किंवा मुंबईकडच्या कुणाचं उचललं असेल. विचारून पहा त्याला, डिसेंबरात सूर्यास्त किती वाजता. पटकन सांगता आलं तर माणूस कामाचा आहे.

सकाळ घ्या. रविवार सकाळ. सूर्य पावणेसातला उगवतो, पण थंडीच्या दिवसांत धुरकट असतं, सव्वासातपर्यंत ऊन अंगावर येत नाही. साडेसातला सुरू करा. सिव्हिल लाइन्स सोडा, महाराजबागही सोडा. तुमचे लोक सकाळी तिथेच स्वेटर-मफलर घालून फिरत असतात. शुक्रवारी तलावावर या, ज्याला पाटीवर गांधीसागर म्हणतात. रमण विज्ञान केंद्राकडचा काठ घ्या. समोर महाल, म्हणजे आमची जुनी वस्ती, तिच्या छपरांवरून ऊन येतं आणि सरळ चेहऱ्यावर पडतं, तेही नरम. आदल्या दिवशी एक चक्कर मारून काठावर कुठे खोदकाम नाही ना ते बघून घ्या, आपल्या शहराचा भरवसा नाही.

तिथून चालत गांधी गेट. आम्ही जुनी माणसं जुम्मा दरवाजा म्हणतो. बाहेर उभं राहून दरवाजाचा फोटो सगळेच काढतात. तुम्ही कमानीच्या आत दोन पावलं उभे राहा. वर दगड, आजूबाजूला सावली, आणि चेहऱ्यावर उजेड येतो तो फक्त समोरून. वडिलांनी असाच उजेड पाडायला स्टुडिओच्या उत्तरेच्या भिंतीला मोठी काच बसवली होती. ह्या दरवाजाने तो तुम्हाला फुकट देऊन ठेवला आहे. फक्त गाड्यांची वर्दळ सुरू व्हायच्या आत तिथलं आटपायचं.

महालाच्या गल्ल्यांत नऊच्या आधी शिरू नका. गल्ल्या अरुंद, त्यात बांधकामं उंच, खाली ऊन पोचतच नाही. नऊनंतर एका बाजूच्या भिंतीवर ऊन पडतं आणि ते उसळून समोरच्या ओट्यावर येतं. वहिनींना त्या समोरच्या ओट्यावर बसवायचं, उन्हातल्या नाही. गुडघ्यांनाही बरं. रविवारी त्या वेळी दुकानांची शटरं बंद असतात, गल्ली तुमचीच. घरमालक दिसला तर आधी विचारा, ओटा त्याचा आहे. महालातला माणूस नाही म्हणत नाही, उलट चहा घ्यायला लावतो आणि तुमचा अर्धा तास जातो. बडकस चौकाकडे, संघ मुख्यालयाच्या आसपास, कडक बंदोबस्त असतो. तिथे कॅमेरा पिशवीत ठेवा, उगाच रविवार चौकशीत नको जायला.

सगळं मिळून चालणं फार तर किलोमीटरभर, एकाच दिशेने, परत फिरायचं नाही.

चष्म्याचं सांगतो. वहिनींना चष्मा काढायला लावू नका. एकतीस वर्षांत तुम्ही त्यांना चष्म्यातच पाहिलं असेल, काढला की चेहरा परका दिसतो. चष्म्याच्या दांड्या कानावरून किंचित वर उचलायच्या, एवढ्या की समोरून कळू नये. भिंगं खाली झुकतात आणि चकाकी जमिनीकडे जाते. चांगला फोटोग्राफर हे न सांगता करतो. कपडे नवे नकोत, नव्या कपड्यात माणूस कपडेच सांभाळत राहतो. तुमचा शर्ट बारीक चौकड्यांचा नको, डिजिटल कॅमेऱ्यात त्यावर लाटा उठतात. थंडी वाजत असेल तर स्वेटर अंगावरच ठेवा. स्वेटर काढून कुडकुडत काढलेला फोटो लगेच ओळखू येतो, खांदे कानाला लागलेले असतात.

आता रंगाचं. वडील निगेटिव्हवर पेन्सिलने काम करायचे, टोक सुईसारखं केलेली पेन्सिल. सुरकुती हलकी करत, डोळ्याखालचं काळं कमी करत. पण देवीचे वण कधी पुसले नाहीत. एकदा एका पोरीच्या बापाने सांगितलं, वण काढा, स्थळ पाहायला फोटो पाठवायचा आहे. वडिलांनी पैसे परत दिले. म्हणाले, मुलाकडचे पोरीला पाहायला येतील तेव्हा माझा फोटो खोटा ठरेल. तर तुम्ही बुक करतानाच लिहून द्या: त्वचेचा रंग बदलायचा नाही, चेहरा गुळगुळीत करायचा नाही. आजकाल एका बटनावर शंभर फोटो गोरे होतात. बहुतेकांना ते बटन बंद कुठे करतात हेच माहीत नसतं.

अ‍ॅड_रामदासपेठ

फोटोवाले काकांनी फोटोचं सांगितलं, मी कागदाचं सांगते, कारण मी स्वतः पोळले आहे.

तीन वर्षांपूर्वी लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही असाच एक फोटोग्राफर घेतला होता. फोटो सुंदर आले. चार महिन्यांनी एका लग्नाच्या प्रदर्शनात नणंद गेली, तर त्याच्या स्टॉलवर आम्ही दोघं सहा फूट उंच! विचारलं तर म्हणे, मॅडम, फोटो मी काढलाय, हक्क माझा. मी वकील आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ (ब). पैसे देऊन, आपल्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला असेल तर त्याच्या कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा. अट एकच, उलट करार झालेला नसावा. आणि खरी मेख इथेच आहे. बुकिंग साइटच्या अटींमध्ये बारीक अक्षरात उलट करार लिहिलेला असतो आणि आपण "सहमत आहे" वर टिचकी मारून मोकळे होतो. त्यामुळे सर, अटी वाचा. फाइलवरची टिप्पणी वाचता तशा वाचा. मग फोटोग्राफरला व्हॉट्सअ‍ॅपवर एक वाक्य पाठवा: "आमचे फोटो आमच्या लेखी परवानगीशिवाय कुठेही टाकायचे नाहीत." त्याचं "ओके सर" आलं की स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आगाऊ रकमेचंही बघा. तुमचं अधिवेशन ऐनवेळी शनिवार-रविवारी बसलं तर? तारीख बदलली तर पैसे पुढे धरणार की बुडणार, हे आधी विचारा. तो जीएसटी वेगळा लावणार असेल तर १८ टक्के होतो. त्याची नोंदणी असेल तरच तो लावू शकतो, बिलावर नंबर मागा.

तर्रीपोहे

बाप रे. मी माझी ऑफर मागे घेतो, मले कलम १७ झेपणार नाही.

टिप्पणी_सादर

सर्वांचे आभार. फोटोवाले दादा, तुमचं उत्तर मी प्रिंट काढून ठेवलंय. सवय.

आपल्या सूचनेनुसार त्या गृहस्थांना सूर्यास्त विचारला. "सर, साडेसहा असेल ना?" असं उत्तर आलं. तेव्हा तो विषय नस्तीबंद केला. आता दुसरा कसा शोधू? सगळ्यांच्या पेजवर तेच गाऊन आणि तीच कपाळं. आणि बायको विचारते आहे, पूर्ण वेळ कॅमेऱ्यासमोर करायचं तरी काय?

इतवारीचा_फोटोवाला

पेजवरचे निवडक फोटो बघून काही कळत नाही. ते त्याच्या शंभर कामांतले शंभर फोटो असतात. त्याला म्हणा, पन्नाशीच्या पुढच्या एखाद्या जोडप्याचं एकच पूर्ण काम दाखव, आहे तसं, सगळे फोटो. त्यात हात बघा. म्हाताऱ्या माणसांचे हात ज्याला कुठे ठेवावेत कळतं, त्याला बाकीचं कळतं. हात लोंबकळत असतील किंवा सगळ्या फोटोंत घडी घातलेले असतील, तर पुढचा बघा. लेन्स कोणती आणणार विचारा. गल्लीत ३५ मिलिमीटरची, बाकी ५० किंवा ८५ म्हणाला तर ठीक. नुसतं "सर, टेन्शन नका घेऊ" म्हणाला तर टेन्शन घ्या.

करायचं काय? काही नाही. आमच्या स्टुडिओत मागे रंगवलेला पडदा होता, त्यावर जिना आणि फुलदाणी. जोडपी त्यापुढे येऊन लाकडासारखी उभी राहायची. वडील म्हणायचे, थांबा, प्लेट आणतो, आणि आतल्या खोलीत निघून जायचे. प्लेट म्हणजे फोटो उमटायची काच, ती कॅमेऱ्यात आधीच असायची. पाच मिनिटांनी नवरा-बायकोचं सुरू व्हायचं, रॉकेल आणलं का, धाकटीला कुणाकडे ठेवलं. तेव्हा वडील पडद्याआडून हळूच यायचे. तुम्हीही शनिवारी संध्याकाळी त्या फोटोग्राफरला चहाला बोलवा, कॅमेऱ्याशिवाय. रविवारी तो तुम्हाला अनोळखी राहणार नाही.

अ‍ॅड_रामदासपेठ

आणि चहाचे पैसे तुम्हीच द्या सर, म्हणजे कलम १७ आणखी भक्कम! (गंमत.)

टिप्पणी_सादर

अनुपालन अहवाल, तीन आठवड्यांनी.

फोटोग्राफर मिळाली. होय, मुलगी. नंदनवनला राहते, वय असेल सत्तावीस. तिने तिच्या आजी-आजोबांचं काम दाखवलं. हात बघितले, ठीक होते. साडेचार हजार, दीड तास, जमतील तेवढे फोटो. शनिवारी संध्याकाळी सीताबर्डीवर चहा झाला. बायको आणि ती पाऊण तास शाळेतल्या मुलांबद्दल बोलत होत्या, मी बिल दिलं.

रविवारी साडेसातला तलावावर. थंडी भलतीच. पहिली वीस मिनिटं मी सावधान स्थितीत उभा होतो, मुलगी हसून हसून बेजार. ऊन मात्र तुम्ही म्हणालात तसंच आलं. गांधी गेटच्या कमानीत उभे राहिलो तेव्हा बायकोने विचारलं, गॅस बंद करून आलात का? मी म्हटलं, अगं, मी गाळ्यात राहतो, तिथे गॅस कुठला? ती म्हणाली, मग मी घरचा बंद केला का? आणि दोघांचेही चेहरे एकदम पडले. मुलीने तेवढ्यात काढला. शेजारीण किल्लीने आत जाऊन बघून येईपर्यंत आम्ही महालात एका ओट्यावर फोन हातात धरून बसलो होतो, त्याचेही आठ फोटो आहेत. गॅस बंद होता. मालकांनी चहा दिला, अर्धा तास गेला, सगळं तुमच्या अंदाजानुसार.

आणि गल्लीच्या तोंडाशी कोण भेटावं? आमचे उपसचिव. सहकुटुंब, कचोरी घ्यायला आलेले. एकमेकांकडे बघितलं. मी म्हटलं, सर, संयुक्त छायाचित्र, पेन्शनसाठी. ते म्हणाले, हो का, ह्या मुलीचा नंबर द्या, मलाही लागेल.

एकूण ४४ फोटो आले. बायको सावळीच आहे. तिला कमानीतला, चेहरा पडलेला फोटो आवडला, मला ओट्यावरचा. पेन्शनच्या कागदांना मात्र स्टुडिओतलाच लावला, ह्यांपैकी एकातही दोघं समोर बघत नाही आहोत.

एक शेवटची शंका. कमानीतला मोठा करून घरात लावायचा आहे. बाराबाय अठरा. चकचकीत कागद घ्यावा की साधा?

इतवारीचा_फोटोवाला

मॅट घ्या साहेब. चकचकीतवर खिडकी दिसते आणि बोटं उमटतात. फ्रेमच्या काचेला फोटो चिकटू देऊ नका, मध्ये जाड कागदाची चौकट घालायला सांगा, नाहीतर तुमच्याकडच्या पावसात चिकटेल आणि निघणार नाही. आणि फाइल दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक मुलांकडे. तळमजला सोडला ना?

टिप्पणी_सादर

तिसरा मजला.